वासोट्याला निघण्याआधी

वासोटा छोटा आहे, असं तू फोनवर म्हणालीस. खरं आहे ते. पाण्याच्या काठापासून किल्ल्याच्या दरवाज्यापर्यंत बेताच्या चालीनं अडीच-तीन तास, उतरायला दोन. राजगड-तोरणा पायाखाली घातलेल्या तुझ्या मित्रांना हा हिशोब किरकोळ वाटणार. पण राजगडावरून उशिरा उतरलं तरी गुंजवण्यात दार उघडणारं कुणीतरी असतं. वासोट्याच्या पायथ्याला आता गाव नाही. मेट इंदवली नावाचं होतं. कोयनेचं धरण झालं, खोऱ्यात पाणी चढलं, पुढे अभयारण्य आलं आणि माणसं उठून गेली. आता तिथे वनखात्याची चौकी, एका बाजूला शिवसागराचं पाणी आणि दुसऱ्या बाजूला थेट रान. रात्री राहायची परवानगी नाही. तुम्हाला घेऊन आलेली बोट काठाला थांबते आणि तिला उजेडात बामणोली गाठायची असते. म्हणून ही वाट किलोमीटरमध्ये मोजू नकोस. बोटीतून उतरल्यापासून बोटीत परत बसेपर्यंत जेवढे तास हातात असतात, त्यात ती बसवायची आहे.

तेव्हा पहिली गोष्ट घड्याळाची. बोटीतून उतरलीस की नावाड्याला विचार, निघायचं किती वाजता. समजा दहाला उतरलात आणि त्यानं चार सांगितले. सहा तास झाले. त्यातले दोन उतरायचे म्हणून आधीच बाजूला काढ आणि त्यांना हात लावू नकोस. अर्धा तास कुणाचा तरी पाय मुरगळेल, कुणाचा बूट फाटेल, यासाठी ठेव. उरले साडेतीन. चढ आणि वरचं हिंडणं त्यात बसलं पाहिजे. म्हणजे दीड वाजता जिथे असाल तिथून, किल्ल्याचा दरवाजा दिसत असला तरी आणि नसला तरी, मागे फिरायचं. ही वेळ खाली, डोकं शांत असताना सगळ्यांसमोर ठरवा. वर गेल्यावर "आलोच आहोत तर अजून दहा मिनिटं" म्हणणारा एक जण प्रत्येक गटात निघतो, आणि त्या क्षणी त्याला नाही म्हणायची ताकद एकट्या माणसात नसते. खाली ठरलेलं असलं की कुणालाच वाईटपणा घ्यावा लागत नाही.

त्याच कारणानं आदल्या रात्री बामणोलीला मुक्काम करा. पुण्याहून पहाटे निघून साताऱ्यात मिसळ, कासच्या तलावावर फोटो, असं करत आलात तर पहिली बोट हातची जाते आणि सगळा दिवस त्या एका तासाच्या मागे धावण्यात जातो. बोटीचा प्रवास तास-सव्वा तासाचा. थंडीत सकाळी पाण्यावरचा वारा अंगात शिरतो, तेव्हा स्वेटर आणि कानटोपी हाताशी असू दे, पिशवीच्या तळाशी नको. दिवसभराच्या परवानगीसाठी ओळखपत्रं लागतात, प्रत्येकाचं आपापलं. पैसे रोख आणि सुटे ने. तिथे फोनच्या रेंजवर विसंबून व्यवहार करता येत नाहीत.

कधी जायचं, हे तू विचारलं नाहीस, कारण सुट्टी डिसेंबरातली आहे. चांगलं आहे. पावसाळ्यात ही वाट बंदच असते. नुकतं उघडल्यावर गेलं तर ओढ्याला पाणी आणि रान हिरवंगार, पण ओल्या पाचोळ्यात जळवा उरलेल्या असतात. मार्चनंतर पाणी आटतं, गवत वाळतं आणि वणव्याची भीती. डिसेंबर-जानेवारी हे या वाटेचे खरे महिने.

आता पायांकडे ये. नवे बूट घेऊन येऊ नकोस. घ्यायचेच असतील तर आजच घे आणि रोज पायात घालून गल्लीत, जिन्यात, भाजीला जाताना चाल. बूट महाग असण्यापेक्षा त्याचा तळ महत्त्वाचा. खोल खाचांचा, मऊ रबराचा, कातळावर चिकटणारा. सह्याद्रीत वर्षानुवर्षं भटकणारी किती तरी माणसं साधे कापडी हंटर बूट घालून फिरली आहेत. निघायच्या दोन दिवस आधी पायाची नखं काप, अगदी निघायच्या रात्री नको, कारण बोटाला ताजी जखम झाली तर ती उतरताना बोलते. नाडी चढताना बेताची आणि उतरताना घोट्यापाशी घट्ट बांधायची, म्हणजे पाय पुढे सरकून अंगठा बुटावर आपटत नाही. उतारावर अंगठ्याचं नख काळं पडतं ते बहुतेक वेळा ढिल्या नाडीमुळे.

कपडे मळखाऊ रंगाचे, पूर्ण बाह्यांचे आणि पूर्ण पायांचे. हे मी लाजेकाजेसाठी सांगत नाही. वाटेच्या कडेला खाजकुयलीचे वेल असतात. तिच्या शेंगांवरची सोनेरी लव अंगाला लागली की माणूस वेडापिसा होतो. ती लव चोळायची नाही. चोळली की आणखी आत जाते. चिकटपट्टीनं उचलून काढायची आणि मग धुवायची. अत्तर, सुगंधी स्प्रे, वासाचं तेल घरीच ठेव. त्याचं कारण पुढे सांगते.

चढायचं कसं, हे पुस्तकात वाचून येत नाही, तरी दोन गोष्टी सांगते. पहिली वीस मिनिटं मुद्दाम हळू चाल, इतकी हळू की मागची मुलं कुरकुरली पाहिजेत. काठावरून निघालं की सुरुवातीला ओढा लागतो, मारुती-गणपतीच्या मूर्ती लागतात, झाडी दाट आणि सावली गार, त्यामुळे पाय आपोआप उचलतात. तिथे धावलेली माणसं पुढच्या उभ्या चढावर दर वळणाला बसतात. पाऊल छोटं टाक. उंच दगडावर एकदम चढण्यापेक्षा शेजारचे दोन लहान दगड शोध. चालता चालता बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की चाल कमी कर. आणि थांबायचं तर उभ्यानं, दोन-चार मिनिटं. दर वेळी बूड टेकलंस तर अंग गार पडतं आणि उठताना दुप्पट जोर लागतो.

सगळ्यात मंद चालणारा माणूस मागे नको, पुढून दुसरा ठेवा. चाल त्याच्या बेतानं. मागे सर्वांत शेवटी वाट माहीत असलेला किंवा सर्वांत धीराचा कुणीतरी. दोघांतलं अंतर एवढंच की पुढच्याची पाठ दिसावी. आणि फाटा आला की थांबायचं, सगळे जमल्याशिवाय पुढे जायचं नाही. या वाटेला मध्ये एक महत्त्वाचा फाटा आहे. एक वाट वासोट्याला चढते, दुसरी नागेश्वराकडे. नागेश्वराची गुहा फार सुंदर जागा आहे. तिथे महाशिवरात्रीला खालच्या कोकणातल्या चोरवण्यातूनही माणसं चढून येतात. पण तुम्ही पहिल्यांदाच जाताय, तर दोन्ही एका दिवसात करण्याचा हट्ट धरू नका. वासोटा नीट बघा. नागेश्वरासाठी पुन्हा या.

इतर किल्ल्यांवर ढोरवाटा माणसाला फसवतात. इथे गुरं नाहीत, त्यामुळे वाटतं की एकच वाट असणार. पण इथे गवे आहेत. हजार किलोंच्या आसपासचं जनावर कळपानं रोज चालत असेल, तर त्याची वाट आपल्या वाटेहून रुंद आणि सरळ पडते. ती डोळ्याला जास्त खरी वाटते. ती पाण्याकडे किंवा चाऱ्याकडे जाते, किल्ल्याकडे नाही. ओळखायचं कसं? माणसाच्या वाटेवर दगड घासून गुळगुळीत झालेले असतात, झाडाची मुळं उघडी पडून चकचकीत झालेली असतात, आणि डोक्याच्या उंचीच्या फांद्याही बाजूला झालेल्या असतात. जनावराच्या वाटेवर पाय मोकळे असतात पण खांद्याच्या वर फांद्या तोंडावर येतात. पाच मिनिटं चालून जर सारखं वाकावं लागत असेल, तर त्याच पावलांनी शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे ये. आडवं रान तुडवत वाट गाठायचा प्रयत्न करायचा नाही. १६६१ मध्ये राजापूरच्या वखारीतले इंग्रज पकडले, तेव्हा त्यांतल्या काहींना ठेवायला शिवाजी महाराजांनी हा किल्ला वापरला. तटबंदीपेक्षा भोवतालचं रानच इथे पहारा देतं, हे तिथे चालताना तुझं तुला कळेल.

म्हणून माझं ऐक आणि बामणोलीहून किंवा शेजारच्या गावातून वाटाड्या घे. तुझ्या मित्राच्या फोनमध्ये नकाशा असेल, असू दे. तरी घे. त्या माणसांची शेतं या पाण्याखाली आहेत, त्यांचे आजे-पणजे या रानात हिरडा गोळा करत हिंडले. कुठल्या वळणावर सकाळी गवे असतात, कुठलं टाकं यंदा प्यायच्या लायक आहे, हे त्यांना विचारल्यावर कळतं. पैशांची घासाघीस करू नकोस. आणि त्याला डब्यातलं आधी वाढ.

पाणी. माणशी तीन लिटर, बामणोलीहून भरून. आता एक गोष्ट तुझ्याशी मावशी म्हणून बोलते, कारण ही कुणी सांगत नाही. आपण बायका वाटेत आडोसा मिळणार नाही म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाही. मी कितीतरी मुलींना या एका कारणानं चढावर चक्कर येऊन बसलेलं पाहिलं आहे. पाणी पी. लघवीला जायचं तर मैत्रिणीला सांगून, तिला पाठमोरी उभी करून, वाटेपासून नजरेआड पण हाकेच्या अंतरात जा. जायच्या जागी आधी काठीनं पाचोळा हलव. ओढ्यापासून लांब. पाळी आली असेल तर ट्रेक रद्द करायची गरज नाही, दुखत नसेल तर खुशाल चाल. फक्त वापरलेलं पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून झाकणाच्या डब्यात परत आणायचं. पुरायचं नाही, जनावरं उकरतात.

खाणं बामणोलीच्या पुढे काही मिळत नाही. धपाटे किंवा दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, संत्री, काकडी. आंबवलेलं किंवा ओल्या खोबऱ्याचं वाटण नको, दुपारपर्यंत विटतं. सगळं स्टीलच्या डब्यात आणि फडक्यात बांध. चौकीवर प्लास्टिकच्या वस्तू मोजून लिहून घेतात आणि परतताना तेवढ्याच दाखवाव्या लागतात. ती कटकट वाटून घेऊ नकोस. त्या मोजणीमुळे ही वाट आजही स्वच्छ आहे. संत्र्याच्या सालीही परत आण. माकडांना काही द्यायचं नाही, त्यांच्यासमोर डबाही उघडायचा नाही. थोडं मीठ-साखर आणि दोन लिंबं बरोबर ठेव. एखाद्याचे पाय वळायला लागले तर त्याला बसवून ते सरबत घोटघोट पाज आणि पोटऱ्या ताणून दे.

हे कुणाचं रान आहे ते नीट समजून जा. कोयनेचं अभयारण्य १९८५ सालचं, दक्षिणेला चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान २००४ सालचं. दोन्ही मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ तुला दिसणार नाही, त्याची काळजीही करू नकोस. काळजी अस्वलाची आणि एकट्या गव्याची घ्यायची. अस्वलाला दिसतं कमी आणि ते वारूळ उकरण्यात गुंगलेलं असतं. अचानक समोर माणूस आला की घाबरून अंगावर येतं. म्हणून दाट झाडीत, वळणावर, साध्या आवाजात बोलत चाला. मोबाईलवर गाणी लावून नव्हे, आपसात बोलत. गवा दिसला तर जिथे आहात तिथे थांबा. कळपात पिल्लू असेल तर त्याच्या आणि आईच्या मध्ये जायचं नाही. गवा फुरफुरला, त्यानं मान खाली घातली, तर त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरा आणि जाड खोडाचा आडोसा घ्या. फोटोसाठी एक पाऊलही पुढे नाही. पळायचं तर मुळीच नाही.

खरं भय मात्र या मोठ्या जनावरांचं नाही, मधमाश्यांचं आहे. कड्यांच्या कपारीत आणि उंच झाडांवर आग्यामोहोळं असतात. धूर, अत्तराचा उग्र वास, आरडाओरडा, दगड भिरकावणं, यातल्या कशानंही ती उठतात. शेकोटी नाही, सिगारेट नाही, कड्यावर उभं राहून घोषणा नाहीत. महाराजांचं नाव मनात घेतलं तरी पोचतं. माश्या उठल्याच तर हातवारे करू नका. ओढणी किंवा सदरा तोंडावर ओढून, कड्याच्या उलट बाजूला, दाट झाडीतून शक्य तितकं लांब जा. पाण्यात उडी मारायची नाही, त्या वर घोंगावत थांबतात. लांब गेल्यावर काटे नखानं खरवडून काढ. कुणाला आधीपासून मधमाशीची ॲलर्जी आहे का, हे घरून निघायच्या आधी प्रत्येकाला विचार आणि त्याची औषधं त्याच्याच खिशात असू देत.

सापांचं थोडक्यात. दगडावर बसण्याआधी काठी आपट, कपारीत बघितल्याशिवाय हात घालू नकोस. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट आवळून बांधायचं नाही. तो हात किंवा पाय फळी लावल्यासारखा स्थिर ठेवायचा, माणसाला चालू द्यायचं नाही, अंगठी-जोडवी काढायची, आणि लवकरात लवकर बोटीनं दवाखान्याकडे. १०८ चा फोन रेंज मिळेल तिथून. रेंज बहुतेक ठिकाणी नसते, म्हणून एक जण पुढे चौकीवर पळाला पाहिजे. तो कोण, हेही आधीच ठरवा.

फाट्यापुढे चढ उभा होतो आणि कारवी लागते. कारवी सात वर्षांनी फुलते. फुलली असेल तर तुमचं नशीब. चढताना आधारासाठी तिला धरायचा मोह होतो. वाळलेली कारवी हातात येते. धरायचीच तर चार-पाच काड्या एकत्र, मुळाशी. काठी म्हणून तोडू नका, घरून बांबूची घेऊन या. मग झाडी संपते, उन्हात येता, कातळातल्या पायऱ्या लागतात आणि पडका दरवाजा. त्याच्या आत छप्पर नसलेलं मारुतीचं देऊळ.

वर पोचल्यावर आधी सावलीत बस, खा, मग हिंड. पाण्याचं टाकं, महादेवाचं देऊळ, वाड्याचे चौथरे, चुन्याचा घाणा, सगळं बघायला तास पुरतो. ताई तेलिणीनं पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्याशी झुंज दिली ती याच किल्ल्यावरून. त्या चौथऱ्यांवर उभी राहून ते आठव. आणि बाबूकडा बघितल्याशिवाय उतरू नकोस. समोर जुना वासोटा, मध्ये सरळसोट तुटलेला काळा कडा आणि खाली तळ न दिसणारी दरी. माझ्या मते सह्याद्रीत हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याखालोखाल त्याचाच मान. तो बघायची रीत मात्र एकच: धारेपासून दोन पुरुष लांब थांबायचं, पाठीवरची पिशवी काढायची, खाली बसायचं आणि बसल्या बसल्या पुढे सरकायचं. कडेचं वाळलेलं गवत दिसायला मऊ असतं, पण त्यावर बूट तेल लावल्यासारखा निसटतो. त्याच्याखाली सुटा मुरूम असतो. धारेशी उभं राहायचं नाही, मागे सरकत फोटोत यायचं नाही. फोटो काढणाऱ्यानंही आधी पाय रोवायचे, मग डोळा कॅमेऱ्याला लावायचा. चालताना फोटो नाही, फोटो काढताना चालणं नाही.

उतरताना माणसं पडतात. चढ संपला, गड पाहून झाला, पोट भरलेलं, मन घरी पोचलेलं, आणि गुडघे थरथरत असतात. घसाऱ्यावर पाय आडवा टाक, गुडघा किंचित वाकलेला, वजन पुढच्या पायावर. मागे रेललीस की पाय सुटतो आणि बूड आपटतं. काठी पुढे टेकव, मग पाऊल. अवघड जागी लाज न बाळगता दरीकडे पाठ करून, शिडीवरून उतरल्यासारखं उतर. एकानं उतरून बाजूला झाल्यावरच दुसऱ्यानं पाऊल टाकायचं, म्हणजे वरचा दगड खालच्याच्या डोक्यात जाणार नाही. दगड सुटलाच तर मोठ्यानं "दगड!" ओरडायचं, कुणी दिसत नसलं तरी. सावलीच्या पट्ट्यात आलात की घाई सुटेल. तिथे शेकरू फांदीवरून ओरडत असतं, धनेशाच्या पंखांचा आवाज येतो. घड्याळ नीट सांभाळलं असेल तर दहा मिनिटं गप्प उभं राहायला वेळ उरतो. तो तिथे खर्च कर.

काठावर आलात की माणसं मोज. चौकीवर प्लास्टिक दाखव, नोंद पूर्ण कर. पाण्यात उतरून पोहायचं नाही, कितीही घाम आला असला तरी. खाली बुडालेल्या जमिनीचे चढउतार आणि गाळ आहे, काठ एकदम तुटतो.

घरी गेल्यावर त्याच रात्री गरम पाण्यानं अंघोळ कर आणि काखेत, गुडघ्यामागे, कमरेच्या पट्ट्याखाली गोचीड लागला आहे का ते बोटानं चाचपून बघ. लागला असेल तर चिमट्यानं अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढायचा, पिळायचा नाही, तेल-काडी काही लावायचं नाही. पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेले होते हे आपणहून सांग. मोज्यांना आणि बुटाच्या नाडीला चिकटलेली कुसळं, बिया ब्रशनं काढ आणि केराच्या डब्यात टाक, अंगणात झटकू नकोस. रानमोडीसारखी तणं अशीच माणसांच्या पायांनी एका डोंगरावरून दुसऱ्यावर गेली आहेत. आणि तुझ्या बुटांना सिंहगडाची माती लागलेली असेल, तर हेच काम वासोट्याला निघायच्या आदल्या रात्रीही करून ठेव.